पाण्यावर माझा कोणी नाही

आमच्या तलावाचं पाणी दोन गावांना जाते. एक आमचं, दुसरं पाटाच्या उताराला आहे ते. त्याला आम्ही खालचं गाव म्हणतो. ते आम्हाला वरचे म्हणतात, तेही थुंकल्यासारखं. तलाव माझ्या पणज्याच्या भावकीनं बांधला आणि पाणी वाटायचं काम आमच्या घराकडे राहिलं. ज्याच्याकडे हे काम असते त्याला पाणकर म्हणतात. आजा पाणकर, बाप पाणकर, मी पाणकर. आता इटियाडोह धरणाचा कालवा आला, सरकारी माणूस येऊन पाणी सोडते, आणि पाणकर म्हणजे काय हे घरच्या पोरींना समजावून सांगावं लागते.

मी दुसरी शिकलो. मास्तरानं छडी मारली, मी छडी मोडली आणि घरी आलो, तो परत गेलो नाही. लिहिण्यात चुका असतील तर असोत. पाणी वाटण्यात माझी चूक आजवर कोणी काढली नाही. एक चूक झाली ती पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभा असतानाच झाली, पण ती पाण्याची नव्हती. तीच लिहून ठेवतो आहे.

आधी रीत सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. माझ्या आज्याच्या वेळेला या पाण्यावरून दोन गावांत डोकी फुटली होती. मग दोन्हीकडचे पंच तलावाच्या पाळीवर बसले आणि आज्यानं रीत घालून दिली. दरवर्षी पहिलं पाणी सोडायच्या दिवशी पाणकरानं पाळीवर उभं राहायचं, दोन्ही गावं समोर, तलावाचं पाणी ओंजळीत घ्यायचं आणि म्हणायचं, "पाण्यावर माझा कोणी नाही." त्या दिवसापासून धान कापणीला येईपर्यंत पाळीवर पाणकराला भाऊ नाही, लेक नाही, साळा नाही, जावई नाही. माणसाला त्याच्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, नावानं हाक मारायची. माझा सख्खा भाऊ पाळीवर आला की मी त्याला "बाभळीवाला" म्हणत होतो. एका वर्षी त्याचे पऱ्हे, धानाची कोवळी रोपं, वाळून चालले होते, त्याची पाण्याची पाळी चार दिवसांनी होती. त्यानं माझ्या पायाला हात लावला. मी म्हटलं, "बाभळीवाले, चवथ्या दिवशी ये." भावजय दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट छाती फुगली. खालच्या गावात लोक म्हणायचे, वरच्यांत माणूस एकच आहे. असं ऐकलं की माणूस बिघडते.

माझा मोठा लेक गोंदियाला धानाच्या मिलमध्ये बॉयलरवर होता. मालकाच्या नातेवाइकाची मिल रंगूनला होती, त्यानं ह्याला तिकडे बोलावलं. मी म्हटलं, "तू गेला तं माह्यामागं पाणी कोण वाटंल?"

तो म्हणाला, "बाबा, पाळीवर तं तुमी मले नाल्यावाला म्हणता. तठी गेलो म्हणजे निदान चिठ्ठीत तरी बाप म्हणता येईल."

त्याची माय तोंडाला पदर लावून हसली. मी हसलो नाही. तो गेला, जहाजात बसून गेला.

तेव्हा रंगून म्हणजे दुसरा देश, असं आमच्या डोक्यात नव्हतं. तिकडेही हाच राजा, हाच रुपया. पुढे काही वर्षांनी अर्जुनीच्या पोस्टात मी कार्ड टाकायला गेलो तर बाबू म्हणाला, "बाबाजी, ब्रह्मदेश अब अलग हो गया."

"कोणापासून?"

"अपने से."

"मोजणी कवा झाली? खुंट कोण रोवले? दोन्ही अंगाचे पंच होते का?"

बाबू हसायला लागला. "अरे बाबा, लंदन में हो गया सब."

मी म्हटलं, "मंग ते वाटणी नाही, चोरी होय." रांगेतले लोक हसले. मी थट्टा करत नव्हतो. आमच्या इकडे दोन भावांची बांधी वेगळी करायची तर दोघांना धुऱ्यावर, शेताच्या हद्दीवर, उभं करतात, मग दोरी टाकतात. एवढा मोठा मुलूख दोरी न टाकता कसा तोडला, हे मला आजही समजलं नाही.

लेकाच्या चिठ्ठ्या येत. एकदा लिहिलं की तिकडचे लोक आपल्या लोकांवर फार चिडून आहेत, गोदीवर मारामारी झाली, माणसं मेली. पुढच्या चिठ्ठीत लिहिलं, आपलेही लोक काही कमी नाहीत, त्यांच्या जमिनी आपल्या सावकारांनी खाल्ल्या, त्यांना आपण आळशी म्हणतो. मला वाटलं, पोराला तिकडचं पाणी लागलं. मी त्याला लिहिलं, धान कसं पिकते ते लिही, बाकी लिहू नको.

मग जपानची लढाई आली. रंगूनवर बॉम्ब पडले असं बाजारात ऐकलं. तिकडचा तांदूळ बंद झाला आणि गोंदियाच्या मिला आठही पहर चालायला लागल्या. गाड्यांत सोजीर भरून जात. मी दर बाजाराला अर्जुनीच्या टेशनावर जाऊन उभा राही. रंगूनहून सुटलेले लोक गाडीत दिसत, कोणाच्या डोळ्यांत बघवत नसे. मी खिडकीखिडकीतून विचारी. कोणाला माझा लेक माहीत नव्हता. घरवालीनं आमच्याकडच्या प्रतापगडाच्या महादेवालाही नवस बोलला आणि तिथल्याच दर्ग्यालाही बोलला. म्हणाली, ज्याले आधी ऐकू जाईल त्यानं करावं.

जेठाच्या एका दुपारी मी पाळीची उंदरांची बिळं बुजवत होतो. पाळीवरून एक माणूस येताना दिसला. चालण्यावरून ओळखला. बाकी ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याच्या मागे दहा पावलांवर एक बाई. कमरेला लुंगी गुंडाळलेली, केसांचा डोक्यावर बुचडा, पायांना चिंध्या.

लेक पाया पडला. मी त्याला उठवलं. मग विचारलं, "हे कोण होय?"

"तुमची थोरली सून, बाबा."

मी हातातली माती झटकली आणि परत बिळं बुजवायला लागलो. लेक जिवंत आला याचा आनंद मला व्हायला पाहिजे होता. झालाही. पण त्याच्यावर दुसरी गोष्ट बसली. मला विचारलं नाही. बापाला न विचारता सून आणली, आणि आणली कुठून तर जिथली भाषा नाही, देव नाही, जात तर नाहीच नाही.

घरवालीनं दारात तिचे पाय धुतले. टाचांना मांस नव्हतं. घरवाली मला म्हणाली, "जात मंग पाहू. आधी हे पाय पाहा." मी नाही पाहिले.

आठ दिवसांनी जातीचे पंच पाळीच्या खाली, मोहाच्या झाडाखाली बसले. आधी लेकाचं निघालं. एक पंच म्हणाला, "ह्यानं समुद्र वलांडला. प्रायश्चित्त लागंल."

दुसरा म्हणाला, "जाताना वलांडला गा. येताना तं पायी आला."

"म्हणजे अर्धं प्रायश्चित्त?"

"उलट दुप्पट. अजून एक डाव समुद्र तसाच राह्यला ना वलांडायचा!"

सगळे हसले. लेकाचं तिथंच मिटलं, एका पंगतीवर. मग बाईचं निघालं. सगळ्यांत म्हातारा पंच मला म्हणाला, "हे पाहा, घरचा कारभारी तू. तू तोंडानं सून म्हण, पाचांपुढं तिच्या हातचं पाणी पे, आमी पंगत खाऊन मोकळे. नाही म्हणत असशील तं तिची चूल येगळी."

म्हणजे सगळं माझ्या एका शब्दावर आलं. तो शब्द मी काढला असता तर ती बाई घरात येणार होती. मी म्हटलं, "मले विचारून आणली नाही. मी कायले म्हणू?" आणि उठून आलो. पंचांसमोर मला वाकायचं नव्हतं आणि लेकासमोरही नव्हतं. त्या दिवसापासून ती दोघं खळ्यावरच्या छपरीत राहायला लागली. लेकाला गोंदियाच्या मिलनं परत घेतलं, तो आठ-पंधरा दिवसांनी यायचा. ती एकटी छपरीत. गावातल्या बाया तिला जपानीण म्हणायला लागल्या. विहिरीवर ती आली की बादल्या बाजूला सरकायच्या. खरं नाव तिचं होतं, पण ते माझ्या जिभेवर कधी आलं नाही, आणि आज लिहायला बसलो तर हातावरही येत नाही.

घरवालीची गोष्ट वेगळी. आमच्या तलावातले झिंगे सुकवून आम्ही पावसाळ्यात खातो. त्या बाईनं ते कुटून, मीठ घालून मडक्यात दाबून ठेवले. वास असा सुटला की माझ्या भावानं वाट बदलली. घरवाली छपरीत जाऊन ते भातासंग खाऊन आली आणि म्हणाली, "बुढ्या, तुले काय समजते? तोंडाले पाणी सुटते." तिनंच तिला आमची बोली शिकवली, आणि सासऱ्याला म्हणतात तसं मला मामाजी म्हणायलाही शिकवलं. ती मला दुरून "मामाजी" म्हणे. मी ओ देत नव्हतो.

पाऊस झाला, तलाव चढला. दोन्ही गावांसमोर मी ओंजळीत पाणी घेतलं, शब्द बोललो आणि पाणी सोडलं. चार-पाच दिवस गेले असतील. पाळीवर दोन्हीकडची पन्नासेक माणसं होती, पाण्याची पाळी कोणाची आधी, यावरून बोलाचाली चालली होती. खालच्या गावाचा म्हातारा पुढारी काठीवर हनुवटी ठेवून उभा होता. त्याचं आणि माझं तीस वर्षांचं वैर. त्याच्या पुतण्याची पाळी मी आदल्या दिवशी चुकू दिली होती, कारण तो वेळेवर आला नाही. म्हातारा माझी चूक शोधत होता.

तेवढ्यात ठाण्याचा जमादार सायकल ढकलत पाळीवर चढला. नवा होता, बालाघाटाकडचा. म्हणाला, "पानकर कौन है?"

"मी."

"तेरे घर में जापानी औरत छुपी है, ऐसी खबर है."

कोणी तरी मागून म्हणालं, "छुपली कोठी जमादार साहेब, तिच्या मडक्याचा वास तं तुमच्या ठाण्यापर्यंत येत असंल!" हशा पिकला.

मी म्हटलं, "जपानी नाही. ब्रह्मदेशची आहे."

"वही बात. वहाँ अब जापान बैठा है." त्यानं वही काढली, पेन्सिल जिभेला लावली. "तेरी कौन लगती है?"

हशा बंद झाला. पन्नास माणसं माझ्या तोंडाकडे पाहून राहिली. खालच्या गावचा म्हातारा हलका हसला. मी पाळीवर होतो, हात पाण्यानं ओले होते. मी "माझी सून" म्हटलं असतं तर तो लगेच म्हणाला असता, म्हणजे आज तुझे सोयरे पाण्यावर आहेत, मग माझ्या पुतण्यानं काय घोडं मारलं? एवढं सगळं माझ्या डोक्यात एका दमात येऊन गेलं.

मी म्हटलं, "पाण्यावर माझी कोणी नाही."

"मतलब? कोई नहीं?"

"कोणी नाही."

त्यानं लिहून घेतलं. दोन्ही गावच्या माणसांना माझं बोलणं बरोबर समजलं. जमादाराला आमची रीत माहीत नव्हती, त्याला समजण्याचं कारण नव्हतं. पाळीवरून मोहाच्या झाडापर्यंत दहा पावलं आहेत. मी त्याला दहा पावलं खाली नेऊन सांगू शकत होतो, की ते पाण्यावरचं बोलणं, हे जमिनीवरचं. ती दहा पावलं मी उतरलो नाही. लोकांना मी पुढे कैक वर्षं रीत सांगत राहिलो. पण खरं असं, की जमिनीवर तरी मी तिला सून कुठं म्हटलं होतं? त्या दिवशी रीत माझ्या कामी आली.

जास्तीचं पाणी निघते त्या सांडीच्या दगडावर ती कपडे धूत बसली होती. आमची बोली तिला तेव्हा थोडीच येत होती. "कोणी नाही" एवढं येत होतं. तिनं कपडा पिळला, खांद्यावर टाकला आणि गेली.

जमादाराच्या वहीत ती परदेशी लागली, इथं नातं नाही म्हणून लागली. हुकूम आला की दर पंधरा दिवसांनी ठाण्यात येऊन हजेरी द्यायची. ठाणं चार कोसांवर. पहिल्या हजेरीला ती एकटी निघाली तर घरवाली चप्पल घालून तिच्या मागे. मी म्हटलं, "तू कोठी?"

"तुह्या पाण्यावर ते तुही कोणी नाही. माह्या वाटेवर माही आहे."

लेक सुट्टीवर आला तेव्हा त्याला हे समजलं. भर दुपारी आंगणात माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी दोर वळत होतो.

"बाबा, तुमी काय बोलले?"

"पाण्यावर मी काय बोलतो ते तुले माहीत आहे."

"ऐका. येताना आमी पहाडात होतो. गोऱ्याईची वाट निराळी, आपल्याईची निराळी, त्या वाटेवर पाणी नाही. एका खेड्यापाशी वीस-पंचवीस जणाईनं आडवलं. हातात हे एवढे कोयते. आमच्याआधी गेलेल्या आपल्या माणसाईचं काय केलं, ते खाली पडलेलं दिसत होतं. त्याईनं तिले तिच्या भाषेत विचारलं, हा काळा तुहा कोण? तिनं कोणी नाही म्हटलं असतं, तं तिले घरी पोचवून देणार होते. तिनं काय म्हटलं, विचारा ना."

मी दोर वळत राहिलो.

"माहा नवरा म्हणाली. माहा माणूस होय, याले हात लावाचा तं पयले मले तोडा. त्याईनं आमाले पाणी देल्लं बाबा. वाट दाखवली. तिले कोयत्यापुढं विचारलं. तुमाले पेन्सिलीपुढं विचारलं."

मी म्हटलं, "पाण्यावर पाणकराले..."

"अठी पाणी कोठी आहे? हे आंगण होय."

मी दोराला पीळ दिला. बोलावंसं वाटत नव्हतं असं नाही. पण लेकानं दाबून काढलेला शब्द मी कसा द्यायचा? असा माझा स्वभाव. तो पाय आपटत गेला.

रोवणा लागला, धानाची लावणी सुरू झाली. आमच्या घरची रीत अशी की पऱ्ह्याची पहिली जुडी थोरल्या सुनेनं लावायची, मग बाकीच्या बाया बांधीत उतरायच्या. ती धुऱ्यावर लुगडं खोचून उभी होती, घरवालीनं नेसवलेलं. घरवालीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तूच लाव." ती बाई फिरली आणि पाटाच्या काठानं खालच्या गावाकडे चालती झाली. त्या वर्षी आणि पुढची तीन वर्षं ती खालच्या गावाच्या बांध्यांत रोवत राहिली. तिचा हात असा होता की तिच्या ओळीला दोरी लागत नव्हती. खालच्या गावचा म्हातारा मला पाळीवर ऐकवून म्हणे, "वरच्याईचं पाणी तं आमाले पुरत नव्हतं, आता त्याईचे हातही आमाले भेटले."

तिची बोली सुधारली होती, आमच्या बायांसारखी तीही गेलो, जातो म्हणे. एकदा घरवालीला तिनं सांगितलं, ते घरवालीनं मला सांगितलं. म्हणाली, "तठी मले काळ्याची बायको म्हणत. अठी जपानीण म्हणतात. जपान्यानं तं माहं घर जाळलं." तिचा भाऊ आधी जपान्यांसंग होता, मग त्यांच्यावर उलटला, असंही तिनं सांगितलं. मी ऐकून घेतलं. मला तेव्हा वाटलं, दोन गावांचं पाणी मी वाटू शकतो, पण असे तीन-चार देश एकमेकांच्या छातीवर बसले आणि मधे एक बाई सापडली, तर तिचा हिस्सा कोण काढणार? असे मोठे विचार मी करत बसलो. हिस्सा काढणारा मीच होतो, हे सोडून.

लढाई संपली, जहाजं चालू झाली. एक दिवस हुकूम आला. ब्रह्मदेशातून आलेले परत पाठवायचे, आणि ज्यांचं इथं कोणी नाही ते आधी. आमच्या गावातून एकच नाव होतं. महिन्याच्या आत गोंदियाला हजर करायचं होतं. लेकाचं नाव हुकमात नव्हतं, तो इथलाच.

घरवालीनं हुकूम ऐकला आणि माझ्यासमोर पितळीतला भात ठेवला. म्हणाली, "जेव. तुह्या लेकाचं घर मोडलं, आता पोटभर जेव."

मी जेवलो नाही. पागोटं बांधलं आणि ठाण्यात गेलो. मुन्शी म्हणाला, जबानी बदलायची तर दोन साक्षीदार आणा, जे पहिल्या जबानीच्या वेळेला हजर होते. मी आमच्या पंचांकडे गेलो. म्हातारा पंच म्हणाला, "पाळीवर तू बोलला, आमी ऐकलं. चार वर्षं त्यावर राह्यला. आता काऊन फिरून राहिला?" एकही आला नाही. त्यांचं बरोबर होतं. मी त्यांना कधी वाकून विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या वाटेवर खालच्या गावचा म्हातारा काठी टेकत उभा होता, सोबत त्याचा पुतण्या, तोच पाळी चुकलेला. मी काही विचारलं नव्हतं. म्हातारा म्हणाला, "चाल गा. साक्ष देतो. तुह्यासाठी नाही. तिच्यासारखं रोवणारी आमाले भेटत नाही म्हणून."

चार कोस आम्ही बरोबर चाललो. अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "तू असं सांग. मी पाण्यावर होतो, पाण्यावर तसंच बोलाव लागते, जमादाराले रीत माहीत नव्हती. आमी दोघं साक्षी आहोत. तुह्याकडे काही दोष येत नाही."

तीस वर्षांचा वैरी मला मान राखून बाहेर पडायची वाट देत होता. वाट खरीही होती.

मुन्शीनं जुनी वही काढली. बोट ठेवलं. "यहाँ लिखा है, कोई नहीं. अब बोलता है बहू है. तब झूठ बोला, या अब बोलता है?"

म्हातारा पुढे झाला, "साहेब, आमच्या अठी पाण्यावर..."

मी त्याचा हात धरला. "तवा," मी म्हटलं. "तवा खोटं बोललो. माही सून होय. थोरली."

म्हातारा माझ्याकडे पाहत राहिला. मुन्शीनं मला वरून खालपर्यंत पाहिलं, शिवी दिली, आणि आधीच्या ओळीवर रेघ मारून वरती लिहिलं. मी सही केली. सही करायला येते याचा मला नेहमी गर्व असे. त्या दिवशी अंगठा दिला असता तरी चाललं असतं. मुन्शीनं शिक्का मारून एक कागद दिला, की ही बाई अमक्या घरची सून आहे, तिला इथं राहायला आणि परत यायला हरकत नाही.

कागद घेऊन मी सरळ खळ्यावर गेलो. ती सूप पाखडत होती. मी कागद पुढे केला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवला, अडखळत. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मामाजी, चार वर्षं मी हजेरीले गेलो. पावसात गेलो, तापात गेलो. तवा हा कागद पाह्यजे होता." तिनं सूप खाली ठेवलं. "माह्या मायची खबर आली आहे. भाऊ मेला. ते एकटी आहे. मी जातो. हुकूम नसता तरी जाणार होतो."

लेक तिच्या मागे उभा होता. त्याचंही ठरलं होतं. तिकडच्या मिला परत सुरू होणार होत्या.

मी म्हटलं, "रोवणा लागू दे. पहिली जुडी लावून जाजो."

तिनं सूप परत हातात घेतलं. मग म्हणाली, "हो."

त्या वर्षी पंच नव्हते, पंगत नव्हती. ती बांधीत उतरली, पहिली जुडी सोडली आणि लावली. बाया धुऱ्यावर उभ्या राहून पाहत होत्या. मी तिच्या हातून पाणी मागितलं आणि सगळ्यांसमोर प्यालो. आमच्या पंचांनी माझी चिलीम वर्षभर बंद केली. केली तर केली.

अर्जुनीच्या टेशनावर तिनं कागदाची घडी कमरेला खोचली. म्हणाली, "येतो, मामाजी." मी ओ दिली. पहिल्यांदाच दिली. गाडीच्या आवाजात तिला ऐकू गेली की नाही, माहीत नाही.

पुढच्या वर्षी झेंडा लागला. पाऊस उशिरा आला होता, म्हणून रोवणाही त्याच दिवसांत आला. शाळेपुढं पोरांना साखर वाटली. बाजारात ऐकलं, आणखी एक देश निराळा झाला, आणि मोजणीवाला साहेब म्हणे धुऱ्यावर उतरलाच नाही. गोंदियाच्या गाड्यांत परत तसेच लोक दिसायला लागले, ज्यांच्या डोळ्यांत बघवत नव्हतं. ह्या वेळेला ते दुसऱ्या बाजूनं येत होते. लेकाची चिठ्ठी आठ महिने नव्हती. पोस्टातला बाबू म्हणाला, ब्रह्मदेशातही गडबड आहे, आणि तोही आता सुटा होणार आहे. मी ह्या वेळेला त्याच्याशी भांडलो नाही. एवढंच विचारलं, शिक्क्याचा कागद असला तर येऊ देतात की नाही? तो म्हणाला, कोणता शिक्का, कोणत्या सरकारचा, ते पाहावं लागंल.

रोवण्याच्या दिवशी बाया धुऱ्यावर उभ्या. घरात दुसरी सून नव्हती, धाकटा लेक तोवर लग्नाचा नव्हता. घरवाली जुडी घेऊन म्हणाली, "सांग, मी लावू का?"

पलीकडच्या धुऱ्यावरून खालच्या गावचा म्हातारा पाहत होता. पाणी चालू होतं आणि मी पाळीवरच होतो.

मी तिथूनच म्हटलं, "माही सून माहेरी गेली आहे. तिची जुडी ठेव. दुसरीपासून लावा."

म्हाताऱ्यानं माझी चूक धरली नाही. त्याची पाळी त्या दिवशी नव्हती. तो काठी टेकत घरी गेला. घरवालीनं पहिली जुडी धुऱ्याच्या कडेला पाण्यात उभी ठेवली आणि बायांना दुसऱ्या जुडीपासून रोवायला लावलं. ठेवलेली जुडी आठ दिवस हिरवी होती. मग पिवळी पडली.